खिडकीतला चौथा ग्राफ

अण्णा, तुमच्या शोकसभेत तुम्हाला मनमिळाऊ म्हणाले. मी मान वर करून फोटोकडं बघितलं, हार चुकून दुसऱ्याच कुणाला घातलाय की काय म्हणून. फोटो तुमचाच होता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोरचा माणूस मूर्ख आहे याची पक्की खात्री. पुढं कुणीतरी अजातशत्रू म्हणालं, तेव्हा मागच्या रांगेतल्या टँकरवाल्यांना खोकला आला. दूध संघाच्या अंकासाठी आता माझ्याकडं दोन शब्द मागितलेत. अकरा वर्षं एका खोलीत बसलात, तुम्हीच लिहा म्हणाले. देईन लिहून. मनमिळाऊ पण घालीन त्यात, माझं काय जातंय. हे मात्र अंकासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुमचा जीव वाचला असता असं एक वाक्य माझ्या तोंडात होतं, आणि मी ते गिळलं. ते सांगायचंय.

पण आधी तुमचं. तुम्ही खवट होता, अण्णा. चहा गार आला तर आणणाऱ्याचा बाप काढायचा, गरम आला तर आजा. मॅनेजर खोलीत आला की उठायचं नाही, आणि तो गेला की त्याने उच्चारलेल्या प्रत्येक आकड्याची टिंगल. मी नोकरीला लागले तेव्हा सांख्यिकीची पदवी घेऊन मोठ्या ऐटीत आले होते. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, नऊ केंद्रांच्या दुधाची फॅट दाखव. मी एकामागून एक नऊ ग्राफ काढले, नऊ खिडक्या उघडल्या स्क्रीनवर, एकीवर एक. तुम्ही डबा खाता खाता बघत होता.

"नऊ दारं फिरून भीक मागत्यात तशी बघणार व्हय गं?" म्हणालात. "एकीकडचं बगून दुसरीकडं जाईपतूर पयलं इसरतंय. एक खिडकी घे. तिचं तीन बाय तीन वाटं पाड. नऊ चित्रं एका नजरंत आली पायजेत, तर माणूस तुलना करतंय."

मग तुम्ही ती ओळ लिहून दाखवलीत. एकच ओळ, की खिडकीचे नऊ चौकोन होतात, आणि प्रत्येक नवा ग्राफ गुपचूप आपल्या जागी जाऊन बसतो. मला पाच वर्षांच्या शिक्षणात ते कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, "आभार ठेव, डबा धू."

आणि तो भडंगाचा दंड. काम झाल्यावर खिडकी परत पहिल्यासारखी अखंड करून ठेवायची, हा तुमचा नियम. जो विसरेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या खोलीला भडंग आणायचं. मी सारखी विसरायची. पुढचा ग्राफ मग त्याच नऊ चौकोनांतल्या एका कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा उमटायचा, तोही नेमका मॅनेजर मागं उभा असताना. तुम्ही तेव्हा फक्त हवेत भडंग खाल्ल्यासारखं करायचा. आता खोलीत मी एकटी आहे. परवा विसरले, आणि भडंग घेऊन गेले. कुणाला द्यायचं ते कळेना, पुडी तशीच खणात पडलीय.

तुमची अजून एक खोड लिहून ठेवते, कारण पुढं ती मला भोवणार आहे. प्रोग्रॅम लिहिताना मधे मधे तुम्ही टिपा टाकायचा. त्या ओळी यंत्र वाचत नाही, माणसासाठी असतात. बाकीचे लोक तिथं शहाण्यासारखं इंग्रजीत कामाचं लिहितात. तुम्ही मराठीत, शिव्यांसकट. "हितं मॅनेजर झोपला हुता." "ह्या आकड्यावर इस्वास ठेवू नये, देणारा जावई हाय." "हितं बावडेकरीण चुकली." माझं माहेर-सासर दोन्ही कसबा बावडा, म्हणून मी बावडेकरीण. सुरेखा हे नाव तुम्ही फक्त पगारपत्रकात वाचलं असेल.

आता चुकीचं सांगते, कारण तुम्ही ती चूक नऊ वर्षं वाळत घातली होती. राधानगरीकडच्या एका केंद्राचे सचिव, दौलूमामा. साधा माणूस, पहाटे स्वतः कॅन उचलणारा. त्या आठवड्यात तुम्ही रजेवर होता, नऊ ग्राफांची खिडकी मी काढली, आणि प्रत्येक ग्राफाला त्याचं त्याचं स्केल, म्हणजे उभ्या बाजूचं माप, घेऊ दिलं. दौलूमामांच्या केंद्राची फॅट पाऊस झाल्यावर जराशी उतरली होती, दशांशात. पण त्या चौकोनाचं स्केलच तेवढं आखूड, की तो दशांश वरून खालपर्यंत कोसळताना दिसला. पाणी मिसळतात, असं वरच्यांनी ठरवलं. चार दिवस त्या केंद्राचं दूध बंद. गावात बायका मामांच्या दारावरून जाताना थुंकल्या म्हणे.

तुम्ही रजेवरून आलात, तेच आकडे घेऊन तुम्ही नऊही ग्राफ एकाच उंचीवर बसवून काढलेत, आणि कुठं काही कोसळलेलं नव्हतं. नऊ रेषा एकसारख्या. मग तुम्ही मामांना बोलावून घेतलंत, मॅनेजरला बोलावलंत, पंधरा माणसं जमवलीत आणि माझ्याकडं बोट केलंत.

"हिनं खड्डा न्हवता तितं खड्डा काढला, आनि त्यात ह्या मानसाला गाडला. एका खिडकीत चित्रं असली की सगळ्यास्नी एकच स्केल. आजपास्नं स्केलवर हिनं तोंड उगडायचं न्हाय."

तुम्ही बरोबर होता. मी मामांचे पाय धरले, ते म्हणाले, "पोरी, चुकतंय माणूस." दर संक्रांतीला अजून तिळगूळ पाठवतात. त्यांनी चार दिवसांत माफ केलं. तुम्ही नाही केलंत. नवीन माणूस खोलीत आला की त्याला पाण्याआधी ती गोष्ट. "ही आमची खड्डेवाली बाई." लोक हसायचे. मी पण हसायची, नऊ वर्षं, दात दाखवून. मी कितीदा तुम्हाला सांगायला बघितलं की अण्णा, एकच स्केल तेव्हाच, जेव्हा सगळी मापं एकाच जातीची असतील. फॅटशेजारी फॅट ठीक आहे. फॅटशेजारी तापमान ठेवलं तर एकच स्केल म्हणजे थापच. तुम्ही हात वर करायचा. "तू आनि स्केल?" संपलं. पालथ्या घड्यावर पाणी.

साखर तुम्हाला होतीच. गोळ्या खिशात, आणि हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळावर जाऊन गरम काकवी प्यायची. "एका वाटीनं काय हुतंय, एक आकडा म्हंजे काय बी न्हाय." हे तुमचं दुसरं ब्रह्मवाक्य. एका आकड्याला घाबरू नये, रेषेला घाबरावं. डॉक्टरने काकवी बंद करायला सांगितली तेव्हापासून त्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलंत. लॅबमध्ये परस्पर जाऊन रक्त द्यायचा, मोबाइलवर आलेला कागद बघायचा, त्यातले लाल अक्षरातले आकडे बघून म्हणायचा, "लॅबवाल्यास्नी लाल शाई फुकट मिळतीया." आणि ते आकडे स्वतःच्या लॅपटॉपात भरायचा. तुमचा डॉक्टर म्हणजे तुमचा ग्राफ.

मागची दिवाळी झाल्यावरची गोष्ट. सकाळी नवीन लागलेल्या चार मुली खोली बघायला आल्या होत्या. तुम्ही खड्डेवाली बाई दाखवलीत. त्यातली एक इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला पाणी मीच दिलं. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही हाक मारलीत.

"बावडेकरीण, हिकडं ये. बग जरा."

तुमच्या लॅपटॉपवर एक खिडकी, दोन बाय दोन. उपाशीपोटीची साखर. जेवणानंतरची साखर. वरचं बीपी. आणि चौथं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतीय ते सांगणारा आकडा, एकाचा दोन झाला तरी माणसाने घाबरून पळावं असा. मला पहिल्या नजरेत कळलं तुम्ही काय केलंय ते. दुधाचाच प्रोग्रॅम उचलला होता. फाईलचं नाव बदललं, नऊचे चार चौकोन केले, बाकी सगळं तसंच. सगळ्यांत मोठा आकडा शोधायचा आणि चारी ग्राफांना तेवढीच उंची द्यायची. साखर अडीचशेच्या घरात, त्यामुळं उंची तीनशेची. त्या तीनशेच्या तळाशी क्रिएटिनिन पडलेलं. एकाचं दीड झालं होतं, दीडाचं सव्वादोन, पण तीनशेत ते काय दिसणार. रेषा जमिनीला चिकटलेली, सपाट, शहाणी.

"कशा हायत रेषा?" तुम्ही विचारलंत.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, अण्णा. "चौथ्याला त्याचं स्केल द्या." एवढंच. पाच सेकंद लागली असती. पण कानात अजून सकाळचं हसू होतं, आणि मनात आलं, स्केलवर मी तोंड उघडायचं नाही ना, मग बघा तुमचं तुम्ही. तुमच्या नियमाने तुमचंच नाक कापलंय आणि ते तुम्हाला दिसत नाही, याचा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. आनंदच झाला. म्हटलं, होईल पुढं कधीतरी, तोंडघशी पडतील, चांगली जिरेल. मरण वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. एवढं तरी माझं खरं माना.

"झकास," म्हणाले मी.

"बगितलंस न्हवं नीट?"

"बघितलं."

"चौथा?"

"चौथा पण."

तुम्ही माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलंत. मला वाटलं, अजून कौतुक पाहिजे म्हाताऱ्याला. मग तुम्ही लॅपटॉपवर दोन-चार अक्षरं बडवलीत, आणि झाकण मिटलंत. मी माझा डबा खायला गेले. त्या दिवशी मी मेथी आणली होती, पोटभर खाल्ली.

पुढचं तुम्ही भोगलंत, मी नुसतं बघितलं. पाय सुजले, तुम्ही म्हणालात चप्पल आखडली. अन्नावरची वासना गेली, तर म्हणालात डबाच बेचव. जून उजाडेपर्यंत तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या झोपायला लागला, आणि मॅनेजर आला तर उठूनही उभे राहिलात एकदा, तेव्हा मी घाबरले. दवाखान्यात डॉक्टर खेकसला, "इतके महिने काय करत होता?" तुम्ही म्हणालात, "रेषा बगत हुतो." डायलिसिसच्या पलंगावर तुमच्या हाताला नळ्या लावलेल्या. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही छताकडं बघत म्हणालात, "रेषा सरळ हुती की गं." मग मान वळवून माझ्याकडं बघितलंत आणि थांबलात. "काय म्हंतीस, बावडेकरीण?"

मी तुम्हाला नवीन टँकर आलाय ते सांगितलं. त्याचा रंग सांगितला.

तुम्हाला बसवूनच खड्ड्यात उतरवलं, तुमच्या लोकांत तशीच रीत. मांडी घातलेली, तळहातावर लिंग, भोवतीनं बेलाची पानं. मूठभर माती टाकायला मी पुढं झाले तेव्हा वाटलं, आता तुम्ही म्हणाल, सगळीकडं एकसारखी टाका रं, एका कोपऱ्यात ढीग नको. मी कडेनं टाकली, नीट पसरून. त्या दिवशी मी रडले नाही. रडण्याइतकी जागा तिथं बाकीच्यांनी ठेवली नव्हती.

काल वहिनींचा फोन आला. ह्यांच्या लॅपटॉपात ऑफिसचं काय असंल ते काढून घेऊन जावा, म्हणाल्या. त्या मला तंगी म्हणतात, कानडीत धाकटी बहीण. पहिल्यांदा तुमच्या घरी आले तेव्हापासून तंगीच. दुपारी गेले. खुर्चीवर तुमचा टॉवेल अजून तसाच आहे. वहिनींनी चहा ठेवला माझ्यापुढं आणि पदर सावरून शेजारी बसल्या.

"ह्यांचं ते साखरंचं बी हाय त्यात," म्हणाल्या. "रोज बघत हुते. सरळ हाय, सरळ हाय म्हणायचे. मग झालं कसं गं, तंगी? तुला कळतंय त्यातलं, जरा बघून सांग."

मी फाईल उघडली. चार ग्राफ आले, दोन बाय दोन. चौथा तळाला निजलेला, आता त्यात पुढचे महिनेही होते, तरी निजलेलाच. मी कोडमध्ये गेले आणि सगळ्यांना एक उंची देणारा तेवढा शब्द खोडला. खिडकी परत काढली. चौथी रेषा उठली, अण्णा. डाव्या कोपऱ्यातून निघाली ती उजवीकडं पार वरच्या चौकटीला जाऊन भिडली. वहिनींना स्केल कळत नाही, पण तेवढं कळलं. त्यांनी तोंडावर पदर धरला.

मग मला खोडलेल्या शब्दाच्या वर तुमची टीप दिसली. खोडताना वाचली नव्हती.

"चौथा लईच सपाट वाटतोय. स्केल चुकला काय? बावडेकरणीला दावायचं. भांडली तर स्केल बदलायचा आनि डॉक्टरकडं जायाचं."

त्याच्या खाली दुसरी ओळ.

"दावलं. भांडली न्हाय."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तुम्हाला वास आला होता. मग हाताला काय झालं होतं तुमच्या? एक शब्द खोडायचा होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्वतःचा नियम स्वतःच्या हाताने मोडायला लाज वाटली, आणि वर भीतीही वाटली असेल. म्हणून माझं भांडण पाहिजे होतं तुम्हाला, तेही तोंडाने न मागता. नऊ वर्षं ज्या बाईचं तोंड बंद केलंत, तिच्याच तोंडावर जीव टांगून ठेवलात. आणि मी तेवढ्याच एका दिवशी तुमचं ऐकलं. तुम्ही वाईट होता, अण्णा. मी तुमच्याजवळ बसून बसून तुमच्यापेक्षा वाईट झाले. तुम्ही दौलूमामांसाठी पंधरा माणसं जमवली होती. मी तुमच्यासाठी एक वाक्य खर्चलं नाही.

"काय लिवलंय गं तितं?" वहिनींनी विचारलं. चष्मा आत होता त्यांचा.

ऑफिसचं काहीतरी आहे, असं म्हणता आलं असतं. जीभ तिकडंच वळत होती. टँकरचा रंग सांगणारी जीभ ती. पण वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, तुम्ही बघितलं होतंत तशाच, जरा जास्त वेळ. मी वाचून दाखवलं. दोन्ही ओळी. आणि मग तिथं लिहिलेलं नव्हतं तेही सांगितलं, की मला दिसलं होतं, आणि मी झकास म्हणाले होते.

वहिनी उठल्या, माझ्यापुढचा चहाचा कप उचलला. अर्धा होता.

"भांडायचं हुतं की, बाई," म्हणाल्या, आणि कप घेऊन आत गेल्या.